७५ सेंटचा हिशेब

क्लिफर्ड स्टोल यांचे ‘द ककूज एग’ (१९८९) हिशेबातल्या ७५ सेंटच्या फरकाने सुरू होते. १९८६ साली अमेरिकेतील लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेच्या संगणकात कोणीतरी शिरले होते. मूळचे खगोलशास्त्रज्ञ असलेल्या स्टोल यांनी बाहेरून येणाऱ्या तारांना प्रिंटर जोडले, घुसखोराने टंकलेले प्रत्येक अक्षर कागदावर उतरवले. माग पोचला पश्चिम जर्मनीतील हॅनोव्हरला.

परवलीच्या संकेतबद्ध शब्दांची फाइल तो कशासाठी नेतो, हा उलगडा आम्हाला सर्वांत आवडला. संकेतावरून मूळ शब्द काढता येत नाही. पण शब्दकोशातला एकेक शब्द त्याच रीतीने संकेतबद्ध करून ताडून पाहता येतो. फळ्यावर दाखवण्याजोगीच युक्ती! घरगुती गप्पा मात्र फार झाल्या आहेत.

आमची खरी तक्रार वेगळी आहे. फाइलीत झाकलेला तोच शब्द तारेवरून जाताना उघडा असे. दूरच्या संगणकावर काम करण्याचे नियम, म्हणजे टेलनेट हा प्रोटोकॉल, त्याला काहीच आवरण घालत नसे. स्टोल यांचे प्रिंटर सारे वाचू शकले, तेही तारेवरचा मजकूर असा उघडा असल्यामुळेच. इथे लेखकाने थांबायला हवे होते. वाटेतला मजकूरही झाकणारा एसएसएच फिनलंडमध्ये १९९५ साली तयार झाला. वर्गात हे पुस्तक घेताना ती जोड शिक्षकांनाच द्यावी लागेल.