सिस्टिन चॅपलचे एलईडी: बचतीचं श्रेय नक्की कोणाचं?

चर्चमध्ये एलईडी लावा, वीज वाचेल, हे पटवताना व्हॅटिकनच्या सिस्टिन चॅपलचं उदाहरण देतात. २०१४ मध्ये तिथे सुमारे ७,००० एलईडी बसवले. पैशाची मदत युरोपियन युनियनची, दिवे ओसराम कंपनीचे. कंपनीचा दावा असा: वीज किमान ६० टक्के वाचली आणि मायकेलअँजेलोच्या छतावरचा उजेड ५-१० लक्सवरून ५०-१०० लक्सवर गेला. लक्स म्हणजे एखाद्या पृष्ठभागावर किती उजेड पडतो त्याचं माप.

आता हे दोन आकडे शेजारी ठेवून बघा. उजेड दहापट, वीज ४० टक्के. म्हणजे तेवढ्याच विजेत छतावर पोचणारा उजेड २५ पट झाला. पण हॅलोजन दिवा एका वॅटमागे १५ ते २० ल्युमेन देतो आणि चांगला एलईडी १०० च्या आसपास. दिवा बदलल्याने फार तर पाच-सहा पट फरक पडतो. मग उरलेला चार-पाच पट फरक आला कुठून?

जागेतून. १९८० च्या दशकात चित्रांना जपण्यासाठी खिडक्यांतला दिवसाचा उजेड अडवला होता आणि हॅलोजन खिडक्यांच्या बाहेर लावले होते. त्यांचा बराच उजेड वाटेतच वाया जाई. नवे दिवे आत आहेत, खिडक्यांखालच्या कठड्यावर लपवलेले आणि चित्रांवर रोखलेले. एलईडी लहान असतात म्हणून हे जमलं, हे मान्य. पण विचार दिवे कुठे लावायचे याचाही झाला. शिवाय सुमारे २८० ठिकाणी रंगांचं परावर्तन मोजून प्रकाशाचा रंग ठरवला. माझ्या मते प्रकल्पाचं खरं काम हेच, आणि ‘६० टक्के’ या आकड्यात ते दिसतच नाही.

दुसरी गोष्ट. उजेड पूर्वीइतकाच ठेवला असता, तर याच हिशोबाने वीज ९६ टक्के वाचली असती. म्हणजे वाचलेल्यातला मोठा वाटा जास्त उजेडावर खर्च झाला. याला रिबाउंड इफेक्ट म्हणतात. कोळशाच्या बाबतीत जेव्हन्सने तो १८६५ मध्येच दाखवला होता. इथे तो चुकीचा आहे असं मी म्हणत नाही. छत जवळजवळ २० मीटर उंच आहे, आणि लोक ते बघायलाच येतात. पण तो ‘निर्णय’ होता, आणि तो तसा सांगायला हवा.

याचा तुमच्याशी काय संबंध? समजा, तुमच्या पॅरिशच्या कमिटीसमोर एखाद्याने असाच टक्केवारीचा कागद ठेवला. तेव्हा तीन प्रश्न विचारा. आधी कोणते दिवे होते? ट्यूबलाइट असतील तर त्या मुळातच हॅलोजनपेक्षा कितीतरी कमी वीज खातात, त्यामुळे बचत बेताचीच. दिवे आठवड्यात किती तास लागतात? चॅपल म्हणजे दिवसभर उघडं संग्रहालय. तुमचं चर्च बहुधा मिस्सेपुरतं उजळतं. आणि उजेड पूर्वीइतकाच ठेवणार की वाढवणार?

ही उत्तरं नसतील तर टक्केवारीवर सही करू नका.