दहाच्या आतला कोड

फंक्शनचा आकडा १० च्या वर गेला की लिंटर ओरडतो, हे तुम्ही पाहिलं असेल. हा १० आला कुठून? १९७६ साली थॉमस मॅकेब यांनी, अमेरिकेच्या नॅशनल सिक्युरिटी एजन्सीत असताना, एक पेपर लिहिला. हिशोब साधा: १ पासून सुरू करा, प्रत्येक इफ आणि लूपला १ मिळवा. यातून फंक्शनमधल्या स्वतंत्र वाटा कळतात, म्हणजे टेस्टिंगची सोय. १० ही मर्यादा काही जादूची नाही, हे त्यांनीच लिहिलंय. मोठ्या केस स्टेटमेंटला तर सूटच दिली होती. आपण सूट विसरलो, आकडा धरून बसलो.

आता बघा. महिन्यांची नावं देणारा बारा केसेसचा स्विच: आकडा १२ च्या पुढे, पण शाळकरी पोरही वाचेल. एकात एक तीन लूप आणि पोटात एक इफ: आकडा फक्त ५, आणि डोकं गरगरतं! सोनारसोर्सच्या 'कॉग्निटिव्ह कॉम्प्लेक्सिटी'त खोलीनुसार दंड वाढतो: त्याच लूपना १०, स्विचला १. हे जास्त प्रामाणिक वाटतं. तरी व्हेरिएबलचं नाव 'टेम्प२' ठेवलं तर दोन्ही मापं गप्पच.

मी स्वतः एकदा एका लांबलचक फंक्शनचे सात तुकडे केले. लिंटर खूश. पुढच्या विद्यार्थिनीने सात फाइली उघडून विचारलं, "दादा, यातलं आधी काय चालतं?" मलाही शोधावं लागलं.