गॉडझिला
जपानी विज्ञानपटांतून जगभर पोहोचलेला एक कल्पित महाकाय सागरी प्राणी व त्याच्यावर आधारलेली चित्रपटमाला. मूळ जपानी नाव ‘गोजिरा’. ‘गोरिरा’ (गोरिला) व ‘कुजिरा’ (देवमासा) या शब्दांच्या जोडणीतून ते तयार झाले. इशिरो होंडा (१९११–९३) यांनी दिग्दर्शित केलेला ‘गोजिरा’ हा मालेतील पहिला चित्रपट तोहो या संस्थेने ३ नोव्हेंबर १९५४ रोजी प्रदर्शित केला.

त्याच वर्षी १ मार्च रोजी अमेरिकेने पॅसिफिक महासागरातील बिकिनी या कंकणद्वीपावर हायड्रोजन बाँबची चाचणी घेतली. तिच्या किरणोत्सारी राखेत ‘दाइगो फुकुर्यू मारू’ ही जपानी मासेमारी नौका सापडली. नौकेवरील २३ जणांना बाधा झाली व त्यांपैकी एक जण सप्टेंबरमध्ये मरण पावला. चित्रपटाचा आरंभ लख्ख प्रकाशात जळणाऱ्या एका नौकेने होतो, तो याच घटनेच्या छायेत. गोजिराने उद्ध्वस्त केलेल्या टोकिओपेक्षाही त्यानंतरची रुग्णालयातील दृश्ये अधिक अस्वस्थ करतात. तेथे लहान मुलाच्या अंगाजवळ धरलेले किरणोत्सर्गमापक यंत्र बोलू लागते. गोजिराला मारू शकणारे अस्त्र शोधणारा सेरिझावा हा शास्त्रज्ञ आपली टिपणे जाळतो आणि ते अस्त्र पुन्हा कोणाच्या हाती पडू नये म्हणून समुद्रतळाशी स्वतःही मरण पत्करतो. प्राण्याच्या मृत्यूनंतर विजयाचा आनंद नाही. भयपटाच्या साच्यात बसवलेले हे शोकनाट्य आहे.

विशेष दृश्यांचे प्रमुख एइजी त्सुबुराया (१९०१–७०) यांच्यापुढे ‘किंग काँग’चा (१९३३) आदर्श होता, परंतु बाहुल्या इंचाइंचाने हलवून एकेक चित्र टिपण्यास वेळ नव्हता. म्हणून रबरी पोशाखातील नट लहान प्रतिकृतींच्या शहरातून चालवण्यात आला. कॅमेरा नेहमीपेक्षा अधिक वेगाने चालवल्यामुळे पडद्यावर त्याच्या हालचाली संथ व जड भासतात. पहिला पोशाख सु. १०० किग्रॅ. वजनाचा होता, तो वागवणाऱ्या हारुओ नाकाजिमा यांच्या चालीतूनच या प्राण्याचे व्यक्तिमत्त्व घडले. संगीतकार आकिरा इफुकुबे (१९१४–२००६) यांनी डबलबास या तंतुवाद्याच्या तारांवर राळ लावलेला चामडी हातमोजा घासून त्याची गर्जना निर्माण केली. निकडीतून निघालेल्या या युक्तीचा परिणाम दूरगामी ठरला. हे शरीर सहज उचलून दुसरीकडे नेण्याजोगे होते : त्याचे खेळणे करता येई, त्याला कुस्तीच्या आखाड्यात उतरवता येई. मात्र ज्या कारणातून तो जन्मला, ते कारण प्रत्येक स्थलांतरात गळत गेले.

पहिला मोठा फेरफार अमेरिकेत झाला. १९५६ च्या आवृत्तीत रेमंड बर या नटाचे वार्ताहर म्हणून नवे प्रसंग घालण्यात आले. नागासाकी व किरणोत्सारी मासे यांविषयीचा आगगाडीतील संवाद आणि अणुचाचण्या चालू राहिल्या तर दुसरा गोजिरा येईल हा अखेरचा इशारा वगळण्यात आला. ज्यांच्या बाँबविषयी चित्रपट बोलत होता, त्यांच्याच प्रेक्षकांपर्यंत त्याचे म्हणणे पोहोचले नाही.

जपानमध्येही स्वरूप पालटले. ‘किंग काँग विरुद्ध गॉडझिला’ (१९६२) या रंगीत चित्रपटाला विक्रमी प्रेक्षकवर्ग लाभला. दूरचित्रवाणी कार्यक्रमाच्या जाहिरातीसाठी राक्षस मिळवू पाहणाऱ्या औषध कंपनीची त्यात थट्टा आहे. या मालेचे पुढील भवितव्य त्या थट्टेत आधीच रेखाटलेले दिसते. १९६४ पासून गॉडझिला हळूहळू पृथ्वीचा रक्षक व मुलांचा सवंगडी झाला. या पर्वाला सरसकट ऱ्हासकाल म्हणण्याची प्रथा आहे, ती न्याय्य नाही. १९६९ च्या बालचित्रपटात आईवडील कामावर गेल्याने कारखान्यांच्या वस्तीत एकटा पडलेला मुलगा गॉडझिलाच्या स्वप्नांत आसरा शोधतो, तर १९७१ च्या चित्रपटातील हेडोरा हा राक्षस सांडपाण्याच्या गाळातून वाढतो.

अमेरिकेतील मार्व्हल प्रकाशनाची २४ अंकांची चित्रकथा (१९७७–७९) आणि हॅना-बार्बेरा यांची दूरचित्रवाणीवरील सचेतनमाला (१९७८) यांत साहसच काय ते राहिले. सचेतनमालेत मूळ गर्जनाही उरली नाही. पुढे व्हिडिओ गेमही आले. त्यांत खेळणाराच गॉडझिला होऊन शहर तुडवतो. १९५४ च्या चित्रपटातील रुग्णालयाला अशा रचनेत जागा नाही.

तोहोने १९८४ मध्ये त्याला पुन्हा भयकारी केले. मूळची ५० मी. उंची तेव्हा ८० मी. व १९९१ मध्ये १०० मी. करण्यात आली, वाढत्या टोकिओत तो ठेंगणा दिसू लागला होता. अमेरिकी रूपांतरांत मात्र अपराधाची जागा बदलत राहिली. १९९८ च्या चित्रपटात दोष फ्रान्सच्या अणुचाचण्यांकडे गेला. २०१४ च्या चित्रपटात तर पॅसिफिकमधील चाचण्या गॉडझिलाला मारण्याचे प्रयत्न ठरल्या. ज्या स्फोटांनी तो निर्माण झाला, तेच येथे त्याच्यावरील उपाय म्हणून दाखवले आहेत. दृश्यदृष्ट्या भव्य असलेल्या या चित्रपटातील हा बदल साधा मानता येत नाही, कारण त्यामुळे बिकिनीचा इतिहासच उलटा होतो.

मूळ आशयाकडे परतणे जपानमध्येच घडले. २०११ चा भूकंप, त्सुनामी व फुकुशिमा येथील अणुवीज केंद्राची दुर्घटना यांनंतर आलेल्या ‘शिन गोजिरा’त (२०१६) हिदेआकी आन्नो व शिंजी हिगुची यांनी संकट समोर असताना बैठकींत गुंतलेले शासन दाखवले. ताकाशी यामाझाकी यांच्या ‘गॉडझिला मायनस वन’चा (२०२३) नायक आत्मघातकी हल्ल्यातून माघार घेतलेला वैमानिक आहे. त्यातील गॉडझिलाची उंची पुन्हा ५० मी.च्या आसपास आणण्यात आली. मार्च २०२४ मध्ये या चित्रपटाला दृश्यपरिणामांसाठी ऑस्कर पारितोषिक मिळाले. त्याच महिन्यात प्रदर्शित झालेल्या ‘गॉडझिला x काँग : द न्यू एम्पायर’ या अमेरिकी चित्रपटात गॉडझिला रोमच्या कलोसियममध्ये अंगाचे वेटोळे करून झोपतो.