उसना बाप : एका प्रणयप्रधान विनोदपटाचा तीन भाषांतील प्रवास

मराठी चित्रपटसमीक्षेत ‘धुमधडाका’ (१९८५) या महेश कोठारे यांच्या पहिल्या दिग्दर्शित चित्रपटाचा विचार बहुधा ‘रिमेक’ या एका शब्दात आटोपला जातो. त्याचे मूळ सी. व्ही. श्रीधर यांच्या ‘कादलिक्क नेरमिल्लै’ (१९६४) या तमिळ चित्रपटात आहे, आणि स्वतः श्रीधर यांनीच तो ‘प्यार किये जा’ (१९६६) या नावाने हिंदीत केला होता. मात्र, मूळ शोधून काढल्याने एका प्रश्नाचे उत्तर मिळत नाही : दोन दशकांच्या अंतराने, तीन भाषांत, हीच गोष्ट पुनःपुन्हा का हसवते?

कथासूत्र साधे आहे. धनवंताच्या मुलीवर प्रेम करणारा तरुण गरीब आहे. संपत्तीवाचून लग्न शक्य नाही, म्हणून त्याचा मित्र लक्षाधीश बापाचे सोंग घेतो. प्रणयातील अडथळा म्हणून उभा राहणारा वृद्ध हे पात्र मिनँडर आणि प्लॉटस यांच्या सुखात्मिकांपासून परिचित आहे. मराठीत कन्येच्या विवाहात पैसा पाहणारा बाप देवलांच्या ‘संगीत शारदा’ (१८९९) मध्ये भेटतो. तेथे त्याची लालसा करुण आणि संतापजनक आहे. येथे ती हास्यविषय होते. सामाजिक प्रश्न मात्र तोच राहतो.

या चित्रपटांचे सामर्थ्य प्रेमप्रसंगांत नाही. प्रियकर-प्रेयसींचे संवाद आणि गीतांचे चित्रण आज काहीसे संकेतबद्ध वाटते. टिकून राहते ते पितृसत्तेचे विडंबन. मुत्तुरामन, किशोरकुमार आणि अशोक सराफ या तिघांनी उभा केलेला खोटा बाप पाहता, प्रतिष्ठा म्हणजे पोशाख, चाल आणि आवाजाची ढब एवढेच असते की काय, अशी शंका प्रेक्षकाच्या मनात येते. अशोक सराफ यांनी पाइपच्या धुराने अडखळणारे, खोकल्यात विरणारे जे बोलणे योजले, त्यात शब्दांना अर्थ उरत नाही. तरीही समोरचा धनिक (शरद तळवलकर) त्यास मान देतो, कारण तो आवाज श्रीमंताचा आहे. खरा बाप आणि सोंगाचा बाप समोरासमोर बसतात तेव्हा दोघेही आपापली भूमिकाच वठवीत असतात. हसू येते ते या समानतेचे.

याच सूत्राचा दुसरा पदर म्हणजे चित्रपट काढण्याचे वेड घेतलेला मुलगा. नागेश यांनी बालय्या यांना भयकथा ऐकविण्याचा प्रसंग आणि त्याचा मेहमूद–ओमप्रकाश यांनी साकारलेला हिंदी अवतार आजही स्वतंत्रपणे आठवला जातो. घरावर सत्ता गाजविणारा बाप मुलाच्या निव्वळ आवाजांनी घाबरतो. सोंगाची शक्ती पैशाहून मोठी आहे, हे येथेही सिद्ध होते.

तथापि या विनोदाची मर्यादा नोंदविणे आवश्यक आहे. सोंग घेण्याचा अधिकार पुरुषांनाच आहे. कन्या कटात सहभागी झाल्या तरी कट रचत नाहीत. शिवाय शेवटी बापाची सत्ता मोडत नाही; तिची संमती मिळविली जाते. विद्रोह मांडवापर्यंतच पोहोचतो.

ही मर्यादाच त्याच्या दीर्घायुष्याचे एक कारण असावे. १९६४ नंतर चार वर्षांनी, १९६८ च्या जागतिक व्यापार मेळ्याच्या परिसरात, मद्रासचे अण्णा नगर आकारास येऊ लागले. अशा नियोजित वसाहतींत नोकरदार मध्यमवर्ग स्थिरावला. चित्रपटातील पदच्युत तरुण ज्या सुरक्षिततेसाठी मालकाच्या दारात ठाण मांडतो, तीच त्या वर्गाने मिळविली. आज त्या वर्गातील बाप वधूवरसूचक संकेतस्थळावर स्थळाची मिळकत वाचतो. अण्णा नगरातील असो वा पुण्यातील, असा प्रेक्षक एकाच वेळी बंडखोर मुलाच्या बाजूने हसतो आणि बापाच्या खुर्चीत बसलेला असतो.

म्हणून ‘धुमधडाका’कडे केवळ उसनवारी म्हणून पाहणे अपुरे ठरते. तौलनिक अभ्यासाने मराठीच्या ऋणांचा शोध युरोपकडे जसा घेतला, तसा दक्षिणेकडेही घ्यावयास हवा. ज्या कथेचा नायक उसना बाप मिरवून आपले स्थान मिळवितो, तिच्यावर उसनेपणाचा आरोप करणे ही समीक्षेची नकळत घडलेली विनोदबुद्धीच म्हणावी लागेल.