पिकाची चाचणी आणि पैशाचा धनी

बियाण्याच्या पिशवीवर किंवा कीटकनाशकाबरोबर मिळणाऱ्या पत्रकावर ‘चाचणीत सिद्ध’ असे शब्द आपण वाचतो. ही चाचणी पुष्कळदा कंत्राटी असते. कंपनी ठरावीक शुल्क भरते. कृषी विद्यापीठ किंवा खाजगी संस्था खरीप-रब्बीच्या हंगामात शेतावर, नाहीतर हरितगृहातील कुंड्यांत, तिच्या मालाची परीक्षा घेऊन अहवाल देते. या पद्धतीचे गुणदोष शिक्षकांनी पारखावेत, असे आम्हांला वाटते.

आधी जमेची बाजू. शेताचा एक कोपरा ओलसर, दुसरा मुरमाड असतो. एका भागात नवे खत आणि दुसऱ्यात जुने घातले, तर फरक खताचा की जमिनीचा हे कळत नाही. इंग्लंडमधील रॉदमस्टेड या प्रयोगक्षेत्रावर १९१९ मध्ये रुजू झालेल्या रॉनल्ड फिशर यांनी यावर उपाय दिला. शेताचे सारख्या जमिनीचे गट पाडा, प्रत्येक गटात सर्व प्रकार घ्या आणि कोणता प्रकार कोणत्या वाफ्यात जाईल हे चिठ्ठ्या टाकून ठरवा. कंत्राटी चाचण्यांनीही हीच रीत उचलली आहे. आमचा आक्षेप तिच्यावर नाही. तो वाफ्यांच्या बांधाबाहेर सुरू होतो.

पहिला आक्षेप तुलनेचा. नव्या कीटकनाशकाची तुलना नुसत्या पाण्याच्या फवारणीशी केली, तर ते सरस ठरण्यात नवल काय? शेतकऱ्याचा प्रश्न निराळा असतो : आज मी जे वापरतो त्यापेक्षा हे चांगले आहे काय, आणि जादा खर्च भरून निघेल काय? पण पैसे देणाराच प्रश्न ठरवत असेल, तर हा प्रश्न विचारलाच जात नाही.

दुसरा हंगामाचा. एका पावसाळ्यातला निष्कर्ष पुढच्या पावसाळ्याला लागू पडेलच असे नाही. हरितगृहात पाणी आणि तापमान हाती असते, कुंडीत मुळे कोंडलेली असतात. तेथील आकडा सरळ शेतावर नेता येत नाही.

तिसरा आणि सर्वांत गंभीर आक्षेप अहवालाच्या मालकीचा. समजा, एखाद्या टॉनिकात काहीच गुण नाही. पाच टक्क्यांची प्रचलित कसोटी लावून त्याच्या वीस चाचण्या घेतल्या, तर सरासरीने एकीत केवळ योगायोगाने ‘लक्षणीय’ फरक दिसेल. तो टॉनिकाच्या बाजूचा निघाला, तेवढाच अहवाल छापला आणि बाकीचे कपाटात राहिले, तर प्रत्येक चाचणी प्रामाणिक असूनही आपली फसगत होते.

मग कंपनीचा पैसाच त्याज्य मानायचा काय? तसे नाही. रॉदमस्टेडची शेतातील प्रयोगमाला १८४३ मध्ये सुरू करणारे जॉन लॉज स्वतः सुपरफॉस्फेटचे कारखानदार होते. तरी त्यांच्याच शेतात गव्हाचे उत्पादन मुख्यतः नत्राने वाढते, असे दिसले आणि ते त्यांनी व त्यांचे सहकारी गिल्बर्ट यांनी छापले. बिनखताचा वाफाही त्यांनी वर्षानुवर्षे राखला. पैशाचा धनी तोच होता. निष्कर्ष मात्र सर्वांचे झाले.

आपल्याकडे बीटी वांग्याच्या वेळी नेमकी हीच गाठ बसली. जालन्याच्या महिको कंपनीच्या या वाणाला जनुकीय अभियांत्रिकी मान्यता समितीने १४ ऑक्टोबर २००९ रोजी हिरवा कंदील दाखवला. पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी ९ फेब्रुवारी २०१० रोजी स्थगिती दिली. चाचण्या स्वतंत्र प्रयोगशाळेत न होता विकसकांनीच केल्यामुळे त्यांच्या विश्वासार्हतेबद्दल शंका उरते, हे त्यांनी दिलेल्या कारणांपैकी एक होते. त्यावरून वांगे वाईट होते असे सिद्ध होत नाही. बांगलादेशाने २०१३ मध्ये बीटी वांग्याला परवानगी दिली. नुकसान झाले ते असे की, आकडे असूनही त्यांवर विश्वास ठेवावा की नाही हे सामान्य माणसाला ठरवता येईना.

उपाय ठाऊक आहे. माणसांवरील औषधचाचण्यांची आगाऊ नोंदणी भारतात २००९ पासून सक्तीची आहे. पिकांच्या चाचण्यांनाही तीच शिस्त लावावी : पेरणीपूर्वी प्रश्न नोंदवा आणि निकाल काहीही लागो, तो जाहीर करा.

वर्गात हे सहज दाखवता येईल. मुगाच्या वीस कुंड्या घ्या. दोन बाटल्यांत साधेच पाणी भरून एकीवर ‘टॉनिक’ असे लिहा. कोणत्या दहा कुंड्यांना ते द्यायचे हे चिठ्ठ्यांनी ठरवा. दोन आठवड्यांनी मुलांच्या प्रत्येक गटाला वेगवेगळ्या चार कुंड्या मोजू द्या. एखादा गट ‘टॉनिक गुणकारी आहे’ असे नक्कीच सांगू पाहील. मग सर्व गटांचे आकडे फळ्यावर एकत्र मांडा आणि बाटलीत काय होते ते सांगा.