शेवटचा अंक आणि पहिली पायरी

आपल्या कथा-कादंबऱ्यांना आणि चित्रपटांना आजार हवा असतो तो शेवटच्या अंकासाठी. नायक खोकतो, रुमालावर लाल डाग पडतो आणि रसिक डोळे पुसतात. मीही कादंबऱ्या लिहितो; हे पाप माझ्याही हातून घडले आहे. म्हणूनच ‘सलाम वेंकी’ या हिंदी चित्रपटाविषयी चार शब्द लिहावेसे वाटतात.

रेवती यांनी दिग्दर्शित केलेला हा चित्रपट डिसेंबर २०२२ मध्ये आला. स्नायुक्षयाने अंथरुणाला खिळलेला तरुण इच्छामरण मागतो. का, तर आपले अवयव निकामी होण्यापूर्वी ते कुणाच्या तरी उपयोगी पडावेत म्हणून. कथेला आधार खऱ्या घटनेचा आहे. हैदराबादच्या कोलवेण्णू वेंकटेशने २००४ साली हीच मागणी केली होती; आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने ती मान्य केली नाही आणि त्याच वर्षी तो गेला. काजोलची आई आणि विशाल जेठवाचा वेंकी, दोघांचाही अभिनय मनाला भिडतो. आमच्या घरी सगळे रडले. मला मात्र शीव कोळीवाड्यातला एक मुलगा आठवत होता.

तो माझ्या वर्गात होता. पोटऱ्या अशा भरदार की मुले त्याला ‘पैलवान’ म्हणत. पण धावताना तो पडे आणि जमिनीवरून उठताना आधी गुडघ्यांवर, मग मांड्यांवर हात रोवत, जणू स्वतःच्याच अंगावर चढत उभा राही. कवायत चुकवण्याची ही सोंगे, असे समजून मी त्याला सर्वांसमोर आळशी म्हटले. सर विल्यम गॉवर्स या इंग्रज डॉक्टरांनी १८७९ साली नेमके हेच उठणे रोगाचे लक्षण म्हणून नोंदवले होते, हे मला फार उशिरा कळले.

पुढे त्याची आई इस्पितळाचा कागद घेऊन आली. मासळीची पाटी दाराशी ठेवून म्हणाली, “गुरुजी, सासू म्हणते, माझ्याच रक्तातून आलं. खरं का हो?”

मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला माणूस. विचारत, वाचत गेलो. स्नायूच्या तंतूला आकुंचनाचा ताण सोसता यावा म्हणून डिस्ट्रोफिन नावाचे प्रथिन लागते. ते १९८७ साली ओळखले गेले. ड्युशेन स्नायुक्षयात ते जवळजवळ नसतेच. मग रोजच्या हालचालीनेच तंतू फाटतात, मरतात आणि त्यांच्या जागी चरबी व चिवट ऊती साठतात. पोटरी भरते ती अशी. या प्रथिनाचा जनुक क्ष गुणसूत्रावर असल्याने रोग बहुधा मुलग्यांना होतो. आई वाहक असू शकते. पण सुमारे एक-तृतीयांश मुलांमध्ये हा बदल नव्यानेच घडलेला असतो. आणि वाहक असली, तरी जे तिने निवडले नाही त्याचा दोष तिचा कसा? स्नायूंचे सारेच विकार आनुवंशिक नसतात, हेही ध्यानात ठेवावे. मायस्थेनियात शरीराची संरक्षक यंत्रणाच मज्जातंतूंचा निरोप स्नायूंपर्यंत पोहोचू देत नाही. त्याला औषध आहे.

चित्रपटाचा भर इस्पितळातल्या अखेरच्या दिवसांवर आणि न्यायालयावर आहे. माझी तक्रार एवढीच. चित्रपट म्हणजे वैद्यकाचे पाठ्यपुस्तक नव्हे, असे कुणी म्हणेल. कबूल. पण कारण कळणे हेच मुळी केवढे नाट्य आहे! सासूचा तो एक शब्द, शिक्षकाने मारलेला ‘आळशी’चा शिक्का आणि दर वर्षी एकेका पायरीने उंच होत जाणारा जिना, यांत कमी करुणा आहे काय? मरणाचा हक्क मागणाऱ्या वेंकीसाठी आपण रडतो. पहिल्याच पायरीवर अडखळणारा मुलगा मात्र आपल्या नजरेतून सुटतो. स्टेरॉइडे आणि व्यायामोपचार यांनी झीज थोडी लांबवता येते. म्हणून तो लवकर दिसायला हवा. २०१६ च्या अपंग हक्क कायद्याने स्नायुक्षयाची नोंद स्वतंत्रपणे घेतली आहे. आपल्या साहित्याने ती अजून घ्यायची आहे.

मी त्या मुलाची क्षमा मागितली आणि त्याचा वर्ग तळमजल्यावर आणवला. त्याहून अधिक काही जमले नाही. त्याच्या आईने मला मरणाविषयी कधीच विचारले नाही. दर जूनमध्ये तिचा प्रश्न एकच असे, “गुरुजी, यंदा वर्ग कितव्या मजल्यावर?”