आईचं बी-१२ आणि मुलाची बुद्धी : एका निष्कर्षाची तपासणी

आजचा विषय एका वाक्याचा आहे, आणि ते वाक्य तुम्ही सगळ्यांनी ऐकलेलं असणार. "गरोदरपणात आईला बी-१२ कमी पडलं, तर मुलाची बुद्धी कमी राहते." गोळ्यांच्या जाहिरातीत ते असतं, गर्भसंस्काराच्या वर्गात असतं, व्हॉट्सॲपवर तर असतंच. सोबत बहुतेक वेळा एक शेपूट असतं, "हे पुण्याच्या संशोधनात सिद्ध झालंय." तर पुण्याच्या संशोधनात नेमकं काय सापडलं, आणि त्यावर पुढे जो डोलारा उभा राहिला तो त्याला पेलतो का, एवढंच आज बघायचं आहे.

आधी एक सांगतो. ज्या अभ्यासावर आम्ही आज बोट ठेवणार आहोत, तो आपल्या देशातल्या उत्तम अभ्यासांपैकी आहे. टीका करायची तर चांगल्या कामावर करावी, तिथे काही हाती लागतं.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनचे संशोधक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत हे काम सुरू केलं. बाई गरोदर राहण्याच्या आधीपासून तिची नोंद ठेवायची, गरोदरपणात आहार आणि रक्त तपासायचं, मग मूल जन्मापासून मोठं होईपर्यंत त्याच्या मागे राहायचं. सुमारे आठशे गरोदर बायका. मूळ प्रश्न मधुमेहाचा होता. गावातल्या बाळांचं सरासरी वजन २.७ किलोच्या आसपास भरलं, साउदॅम्प्टनच्या बाळांचं ३.५ किलो. पण अंगावरची चरबी मात्र वजनाच्या मानानं कमी झालेली नव्हती. दिसायला किडकिडीत, आतून चरबीदार. भारतीय माणसाला कमी वजनावर मधुमेह का होतो, याचा एक धागा तिथे सापडला.

मग रक्ताचे नमुने तपासले. गावातल्या बायकांना फोलेट कमी पडत असेल अशी कुणाचीही अटकळ असती. प्रत्यक्षात फोलेटची कमतरता जवळजवळ कुणालाच नव्हती. बी-१२ मात्र दोन तृतीयांश बायकांत कमी. नंतर विचार केला तर यात नवल नाही. भाकरी, भाजी, डाळ यांत फोलेट असतं. बी-१२ वनस्पतींत नसतंच. ते बनवतात फक्त जिवाणू, आणि आपल्याला मिळतं ते दूध, अंडी, मासे, मटण यांतून. गावातली बरीच घरं मांसाहारी म्हणवतात, पण मटण शिजतं ते जत्रेला नाहीतर पाहुणे आले की, आणि दूध डेअरीवर जातं.

आता या बी-१२चं शरीरात काम काय? दोनच रासायनिक क्रिया त्याच्यावर अवलंबून आहेत. एकीत होमोसिस्टीनचं मिथिओनिन होतं, आणि तिथूनच डीएनए तयार व्हायला लागणाऱ्या फोलेटची सोडवणूक होते. म्हणून बी-१२ नसलं की रक्त बनत नाही. दुसरी क्रिया काही स्निग्धाम्लं आणि अमिनो आम्लं यांच्या विघटनातली. मज्जातंतूंवर मायलिनचं जे वेष्टण असतं, वायरीवरच्या प्लास्टिकसारखं म्हणा, ते बी-१२ नसेल तर खराब होतं. मोठ्या माणसांत पायांना मुंग्या येतात, तोल जातो. याबद्दल कुणाचा वाद नाही.

लहान मुलांबद्दलही नाही. १९६२ साली वेल्लोरच्या डॉक्टरांनी 'लॅन्सेट'मध्ये काही अर्भकांचं वर्णन छापलं. मुलं फक्त अंगावर पिणारी, आयांना बी-१२ची कमतरता. मुलं मलूल, कातडी काळवंडलेली, हातापायांच्या आपोआप हालचाली, शिकलेलं विसरलेली. म्हणजे हसणारं मूल हसेनासं झालेलं. बी-१२ दिल्यावर सुधारली. असली मुलं आजही बालरोगतज्ज्ञांकडे येतात, आणि एका स्वस्त इंजेक्शननं मूल पुन्हा आईकडे बघायला लागतं. बी-१२ आणि मेंदू यांचा संबंध आहे का, या प्रश्नाचं उत्तर तिथेच मिळालेलं आहे.

पण जाहिरातीतलं वाक्य या मुलांबद्दल नाही. ते आहे दिसायला धडधाकट आईबद्दल, जिचा रक्तातला आकडा थोडा खाली आहे, आणि तिच्या धडधाकट मुलाबद्दल. तिथला पुरावा वेगळा आहे.

तो पुरावा म्हणजे २००८ साली छापलेला एक छोटा निबंध. याच सहा गावांतली मुलं नऊ वर्षांची झाल्यावर त्यांतले दोन गट निवडले. एक, ज्यांच्या आयांचं गरोदरपणातलं बी-१२ सर्वांत खालच्या दहा टक्क्यांत होतं. दुसरा, सर्वांत वरच्या दहा टक्क्यांतला. पहिल्यात ४९ मुलं, दुसऱ्यात ५९. त्यांच्या बुद्धीच्या, स्मरणशक्तीच्या, लक्ष देण्याच्या चाचण्या घेतल्या. रंगीत आकडे क्रमानं जोडण्याच्या चाचणीत पहिल्या गटाला सरासरी १८२ सेकंद लागले, दुसऱ्याला १५९. ऐकलेले आकडे उलटे म्हणायच्या चाचणीत पहिला गट २.६३, दुसरा २.९१. आणि बुद्धिमत्तेच्या चाचणीत? फरक नाही.

हे पुन्हा सांगायला हवं. "बुद्धी कमी राहते" या वाक्याला ज्या निबंधाचा आधार दिला जातो, त्या निबंधात बुद्धिमत्तेच्या चाचणीत फरक आढळलेला नाही. लक्ष टिकवणं आणि तात्पुरती आठवण, या दोन ठिकाणी आढळला. तोही दोन टोकांच्या गटांत. मधली ऐंशी टक्के मुलं त्यात नाहीतच. टोकं घेतली की फरक ठळक दिसतो. संशोधनाच्या पहिल्या टप्प्यावर तसं करणं रास्तच आहे, पण त्यावरून "थोडं कमी बी-१२ म्हणजे थोडी कमी बुद्धी" असा जिना बांधता येत नाही. शिवाय चाचण्या अनेक घेतल्या की एखाददुसरीत योगायोगानं फरक निघण्याची शक्यता वाढते.

दुसरी अडचण जुनी आहे, पण चुकत नाही. खेड्यात कुणाच्या रक्तात बी-१२ भरपूर असतं? ज्या घरात दूध विकून संपत नाही, अधूनमधून अंडी येतात. त्या घरात पैसा असतो, कदाचित शिकलेली आई असते, पुस्तक असतं. संशोधकांनी अशा गोष्टींचा हिशेब आकडेमोडीत घेतला होता, ते मान्य. पण घरातलं वातावरण तीन-चार रकान्यांत बसत नाही.

मग दुसरीकडे बघायचं. म्हैसूरमध्ये असाच एक मोठा अभ्यास चालू होता. नऊ-दहा वर्षांची ५३६ मुलं, गरोदरपणात तपासलेलं आयांचं रक्त, त्याच प्रकारच्या चाचण्या. २०१० साली निष्कर्ष छापला. आईचं फोलेट जास्त, तर मुलाचे गुण जास्त. बी-१२चा संबंध दिसला नाही. पुण्याच्या निबंधाच्या पाचपट मुलं, आणि उत्तर वेगळं. हा निबंध आम्हाला एकाही जाहिरातीत, एकाही वर्गात उद्धृत झालेला आढळला नाही.

निरीक्षणांची अशी भांडणं सोडवायचा मार्ग ठरलेला आहे. चिठ्ठ्या टाकून दोन गट करा, एकाला जीवनसत्त्व द्या, दुसऱ्याला त्याशिवायचं तसंच काहीतरी, आणि थांबा. नेपाळच्या भक्तपूरमध्ये हे झालं. सहा ते अकरा महिन्यांची, वाढ खुंटण्याचा धोका असलेली ६०० बाळं, वर्षभर रोज २ मायक्रोग्रॅम बी-१२. २०२० साली निकाल आला. रक्तातले आकडे सुधारले, होमोसिस्टीन उतरलं. विकासाच्या चाचणीत फरक नाही. आमच्या मते या सगळ्या कथेतला हा सर्वांत बोलका निकाल आहे, कारण औषध पोचलं नाही असं म्हणायची सोयच उरत नाही. पोचलं, शरीरानं वापरलं, गुण हलले नाहीत.

यावर लगेच उत्तर येतं, "उशीर झाला. मेंदू तर पोटात घडतो." ठीक. भक्तपूरमध्येच ८०० गरोदर बायकांना रोज ५० मायक्रोग्रॅम दिलं, बाळ सहा महिन्यांचं होईपर्यंत. निकाल २०२३ साली 'लॅन्सेट'मध्ये आला. बाळांच्या वाढीत फरक नाही, विकासाच्या गुणांतही नाही. बेंगळुरूच्या तशाच एका चाचणीत नऊ महिन्यांच्या बाळांत फरक दिसला नाही. तीच मुलं अडीच वर्षांची झाल्यावर बोलण्याच्या गुणांत थोडा दिसला. मग म्हणायचं, "गरोदरपण हेही उशिराच, आधीपासून द्यायला हवं."

हा युक्तिवाद हसण्यावारी नेण्यासारखा नाही. गर्भाची मज्जानलिका गर्भधारणेनंतर चार आठवड्यांत मिटते, बऱ्याचदा बाईला दिवस गेल्याचं कळायच्या आत. फॉलिक ॲसिडनं मज्जानलिकेतले दोष टळतात हे १९९१ साली ब्रिटिश मेडिकल रिसर्च काउन्सिलच्या चाचणीनं दाखवलं, तेव्हा गोळी गर्भधारणेच्या आधीपासून दिली होती. दोष पुन्हा होण्याचं प्रमाण ७२ टक्क्यांनी घटलं. वेळ महत्त्वाची असते. पण तिथे वेळेचं गणित चाचणीच्या आधी मांडलं होतं. निकाल नकारार्थी आला की वेळ एक पायरी मागे न्यायची, असं करत गेलं तर कुठलाच निकाल विरोधात जाऊ शकत नाही.

पुण्याच्या गटाचं श्रेय हे, की ते तोंडी युक्तिवादावर थांबले नाहीत. त्याच सहा गावांत जन्मलेली मुलं-मुली वयात आल्यावर त्यांनाच २०१२ पासून बी-१२ द्यायला सुरुवात केली. म्हणजे जी मुलगी १९९४ साली आईच्या पोटात मोजली गेली, ती आता स्वतः आई होणार, आणि तिच्या मुलाची चाचणी होणार. एवढा धीर आपल्याकडच्या संशोधनात क्वचित दिसतो. तीन गट होते: नुसतं बी-१२, बी-१२ अधिक इतर सूक्ष्म पोषकद्रव्यं, आणि प्लासिबो. २०२१ साली बाळांचे निकाल आले. नुसत्या बी-१२ गटातली मुलं आकलन आणि भाषा यांत प्लासिबो गटापेक्षा सरस ठरली.

मथळा तोच झाला. पण बी-१२ अधिक इतर पोषकद्रव्यं मिळालेल्या गटात आणि प्लासिबो गटात फरक निघाला नाही. बी-१२ तर त्यांनाही मिळालं होतं! आता याचा अर्थ इतर पोषकद्रव्यांनी परिणाम पुसला असा लावायचा, की मुलं शंभराच्याही आत असताना आकडे असे इकडेतिकडे होतातच असा? आम्ही दुसरीकडे झुकतो.

हे एवढं खोलात का गेलो? पोषण, जीवरसायन आणि मेंदूविज्ञान एकमेकांना उसनवारी कशी करतात ते इथे स्वच्छ दिसतं. पोषणवाला म्हणतो, माझा संबंध कच्चा असेल, पण त्यामागची क्रिया जीवरसायनानं सिद्ध केलेली आहे. जीवरसायनवाला म्हणतो, माणसात परिणाम होतो हे मेंदूवाल्यांच्या चाचण्यांत दिसलंय. मेंदूवाला आकडे उलटे म्हणायची चाचणी घेतो, आणि तिला अर्थ देतो पोषणवाल्याच्या प्रश्नपत्रिकेवरून. तिघांच्या खिशात एकच नोट फिरत असते.

आणि याचा भुर्दंड कुणाला? मूल चौथीत नापास झालं की सासरचं कुणीतरी म्हणतं, "हिनं पोटुशी असताना गोळ्या नीट घेतल्या नाहीत." नऊ वर्षांपूर्वीचा रक्ताचा आकडा बाईच्या माथी मारायला विज्ञानाचा शिक्का मिळतो. तिच्या ताटात अंडं का नव्हतं, दूध कुणी विकलं, हे कुणी विचारत नाही.

दुसरा तोटा धोरणाचा. आपल्याकडे गरोदर बाईला सरकारी गोळी मिळते, लोह ६० मिलिग्रॅम आणि फॉलिक ॲसिड ५०० मायक्रोग्रॅम. बी-१२ त्यात नाही. दोन तृतीयांश बायकांत कमतरता असलेल्या भागात नुसतं फॉलिक ॲसिड दिलं तर रक्ताचं चित्र सुधारून मज्जातंतूंची कमतरता झाकली जाऊ शकते, हे डॉक्टरांना दशकानुदशकं ठाऊक आहे. याच पुण्याच्या अभ्यासात, ज्या आयांचं फोलेट जास्त आणि बी-१२ कमी होतं, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्सुलिनला सर्वाधिक विरोध दिसला होता. गोळीत बी-१२ घालावं की नाही, ही चर्चा या पुराव्यावर, आणि त्या बाईच्या स्वतःच्या रक्तावर आणि पायांवर व्हायला हवी. मुलाच्या गुणपत्रिकेचं आमिष दाखवून मागणी केली, तर उद्या भक्तपूरचे निकाल कुणीतरी फायलीत लावेल आणि म्हणेल, उपयोग नाही, बंद करा. मग आईचंही जाईल.

आता प्रश्न. चिठ्ठ्या बऱ्याच आहेत, दोन घेतो. पहिली, "दूध उकळल्यावर बी-१२ जातं का?" काही प्रमाणात कमी होतं, सगळं जात नाही. आपल्याकडे दूध तीनतीनदा उकळतात, ते टाळलं तर बरं. दुसरी, "स्पिरुलिना चालेल का?" नाही. त्यात जे असतं ते बरंचसं बी-१२सारखं दिसणारं, शरीराला न चालणारं संयुग असतं, आणि काही जुन्या तपासण्यांत ते बी-१२ म्हणूनच मोजलं जायचं. पाकिटावरचा आकडा बघून घेऊ नका. शाकाहारी गरोदर बाईनं डॉक्टरांना विचारून साधी बी-१२ची गोळी घ्यावी, ती स्वस्त असते.